दोन कागदांवरची रेघ

१

चांदीचा उंदीर गेला त्या दिवशी संकष्टी होती, म्हणून तो गेल्याचं कळलं तरी. एरवी त्या पेटीकडे महिना महिना कुणी ढुंकून पाहत नसे. लालबागच्या वाघळे चाळीत जिन्याखाली गणेशोत्सव मंडळाची खोली आहे. तिथे लाल फडक्यात गुंडाळलेला हा सव्वा किलोचा उंदीर दर संकष्टीच्या संध्याकाळी बाहेर निघायचा, चौरंगावर बसून आरती ऐकायचा आणि मुकाट परत पेटीत जायचा. गिरण्या चालू होत्या तेव्हा चाळीतल्या कामगारांनी तो घडवून घेतला होता. गिरण्या गेल्या, कामगार गेले, उंदीर राहिला. त्या संध्याकाळी फडकं उलगडलं तर आत रद्दी कागदांचा बोळा निघाला. खोलीचं कुलूप मात्र जसंच्या तसं होतं.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. आणि आज त्याच चाळीतली शेवंती तोरसकर गिरगावात, फणसवाडीतल्या सुनेत्रा कोठाऱ्यांच्या दारात उभी होती. बरोबर तिचा मुलगा निलेश होता. त्याच चोरीचा आरोपी, सध्या जामिनावर.

सुनेत्राबाई कोर्टात बेंच क्लार्क होत्या. तीस वर्षं त्यांनी साक्षीदारांना एकच प्रश्न विचारला, "ईश्वरसाक्ष की प्रतिज्ञेवर?" देव मानणाऱ्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची, न मानणाऱ्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची. सिनेमातली ती गीता कोर्टात कुठेच नसते, हे सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला होता. खुद्द बाईंना हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही. उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं, पण ते तसंच राहून त्या निवृत्त झाल्या. शेवंतीचा डबा त्यांनी कोर्टात पंधरा वर्षं खाल्ला होता, त्यामुळे तिला दारातून परत पाठवणं शक्यच नव्हतं.

"बाई, तुम्ही त्या रघुवीर सरांका सांगा," शेवंती बसायच्या आधीच म्हणाली. "देवाची शपथ घेऊन परत एकदा साक्ष देऊक सांगा. तेंका देव नाय, म्हणान जजसाहेबांका तेंचा खरा वाटला नाय. माझ्या झिलाचा वाटोळा होतला."

निलेश खालमानेने उभा होता. आईएवढाच, ठेंगणा. पोलीस भरतीत उंचीत बाद झाला म्हणून त्याने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. एका मोठ्या इस्पितळात त्याची निवडही झाली होती, पण केस निकालात निघाल्याशिवाय त्याला रुजू करून घेत नव्हते आणि मुदत महिन्याभरात संपत होती. नोकरीही जाणार आणि वर चोर म्हणून शिक्का बसणार, असा सगळा मामला होता.

"तू जरा खाली जा रे," शेवंतीने त्याला पिटाळलं. तो गेल्यावर मग तिने आवाज उतरवला. "बाई, खरा सांगू? हितेंद्रभाऊंनी तेका बघितला म्हणतत. तो माणूस देवाक सांगल्याशिवाय पाणी पिणा नाय. तो खोटा कसो बोलतलो? कधी कधी रात्री माका माझ्याच झिलाचो संशय येता." आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली.

बाईंना भडभडून आलं. पण रडणाऱ्या माणसासमोर रडायचं नाही, ही कोर्टाची सवय. त्यांनी शेवंतीच्या हातातल्या साक्षींच्या नकला घेतल्या. तीन साक्षी होत्या. मंडळाचे अध्यक्ष शामराव, खजिनदार हितेंद्र राऊळ आणि निलेशच्या बाजूने त्याचे शाळेतले सर, रघुवीर.

प्रत्येक कागदाच्या डोक्यावर छापलेलं होतं, 'शपथेवर / प्रतिज्ञेवर'. जे लागू नसेल त्यावर रेघ मारायची. बाईंनी आयुष्यभर त्या रेघा मारल्या होत्या, म्हणून त्यांची नजर आधी तिथेच गेली. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

देव न मानणारा साक्षीदार एकच होता. पण 'शपथेवर' हा शब्द दोन कागदांवर खोडलेला होता.

२

दुसरा कागद हितेंद्र राऊळचा होता. बाईंनी शेवंतीला त्यातलं काही सांगितलं नाही. आधी त्यांना रघुवीर सरांकडे बघायचं होतं, कारण बाईंचा खरा संशय त्यांच्यावरच होता. आवडत्या विद्यार्थ्यासाठी मास्तर खोटं बोलणार नाही, असं थोडंच आहे? देव न मानणारे काय सगळेच हरिश्चंद्र असतात?

सर वाडीतच, समोरच्या बिल्डिंगमध्ये एकटे राहायचे. दार उघडलं ते जरा कुरकुरतच.

"शपथेचं बोलायला आला असाल तर चहा पिऊन जा," ते म्हणाले. "शेवंतीबाई चारदा येऊन गेल्या."

"घ्यायची होती की मग शपथ. तेवढ्यासाठी काय अडलं होतं?"

"मी सांगेन ते सत्य सांगेन, असं ते वाक्य आहे ना? त्याची सुरुवातच मी खोट्याने करू? जो नाही असं मी मानतो, त्यालाच साक्षीला उभं करू?"

बाईंनी चहाचा घोट घेतला आणि मुद्द्यावर आल्या. चोरीच्या दिवशी सरांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. निलेश डोळ्यात थेंब घालायला आला होता, ही त्यांची साक्ष. हितेंद्रने दुपारी दोन वाजता निलेशला मंडळाच्या खोलीतून बाहेर येताना पाहिलं, ही त्याची साक्ष. दोन्ही खऱ्या असणं शक्य नव्हतं.

"दोन वाजताच आला होता ना तो?"

"दोन वाजलेत असं तो म्हणाला. माझ्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्याने धड दिसत नव्हतं. घड्याळ मी पाहिलं नाही."

"आणि हे तुम्ही कोर्टात सांगून टाकलंत!"

"विचारलं, म्हणून सांगितलं."

"अहो, त्या एका वाक्याने पोराची बाजू पडली. वाक्य गिळलं असतंत तर?"

सरांनी आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मलाही झोप येत नाही हो त्या वाक्याने. पोरगा माझा आहे तो. पण मी प्रतिज्ञा केली होती."

बाईंनी कप खाली ठेवला. संशय गेला होता. खोटं बोलून कुणाला वाचवायला आलेला माणूस स्वतःच्या हाताने आपली साक्ष पाडत नाही. सर खरं बोलत होते, तर मग हितेंद्र खोटं बोलत होता. पण का?

घरी येऊन त्यांनी मेघनाला फोन लावला. बाईंच्या खुर्चीवर आता मेघना बसते, आणि रेघ कशी मारायची हे तिला बाईंनीच शिकवलेलं.

"राऊळांच्या कागदावर चुकलीस का गं?"

"नाही बाई, चुकले नाही. त्यांनीच प्रतिज्ञा मागितली. इतक्या हळू बोलले की मला दोनदा विचारावं लागलं. आमच्याकडे कुणी कारण विचारत नाही, म्हणून मीही विचारलं नाही. पण मला नवल वाटलं होतं."

"कसलं नवल?"

"पिंजऱ्यात चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या होत्या, बाई. देवळात जाताना काढतात ना, तशा."

३

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेत्राबाई लालबागला गेल्या. मसाल्याच्या गिरणीवरून जाताना तीन शिंका आल्या, त्या पर्समधल्या रुमालात जिरवून त्या वाघळे चाळीत शिरल्या. शेवंतीची ओळख सांगितली नाही. जुन्या मंडळांची माहिती गोळा करते आहे, एवढंच सांगितलं. हे खोटं होतं, पण त्यांनी काही प्रतिज्ञा केली नव्हती.

जिन्याखालच्या खोलीची चौकट बसकी होती. बाई उंचीने बेताच्या, त्या सरळ आत गेल्या. आत अध्यक्ष शामराव पंखा लावून पेपर वाचत होते आणि हितेंद्र राऊळ समईची वात नीट करत होता. पन्नाशीचा, कपाळाला अष्टगंध, आवाज मऊ.

"बसा ताई. देवाशपथ, आजच तुमच्यासारखं कोणीतरी यावं असं वाटत होतं," हितेंद्र म्हणाला. "चहा सांगतो. देवाशपथ, आमच्या नाक्यावरचा चहा पिऊन बघा."

दहा मिनिटांत त्याने नऊ वेळा देवाची शपथ घेतली. चहाची घेतली, पंख्याची घेतली, कबुतरांच्या त्रासाचीही घेतली. बाई मनात मोजत होत्या.

उंदराचा विषय शामरावांनीच काढला. "चोरी झाली तशी आम्ही आधी घरच्या घरी निकाल लावायला बघितला. नारळ ठेवला बाप्पापुढे. म्हटलं, एकेकाने हात ठेवून सांगा. निलेशने पण ठेवला, बोला! एवढा कोडगा."

"सगळ्यांनी ठेवला?"

"सगळ्यांनी. हितेंद्र स्वतः नारळ घेऊन एकेकाच्या समोर गेला."

"म्हणजे यांनी नारळ धरला होता," बाई म्हणाल्या. "शपथ नाही घेतली."

शामराव हसले. "अहो, त्याला कोण विचारणार? आणि त्याचा शंतनु तापाने फणफणला होता, तो तेवढा नव्हता. पण घरातलाच पोरगा."

हितेंद्र समईकडे बघत होता. वात केव्हाच नीट झाली होती.

"किल्ल्या कोणाकडे?" बाईंनी विचारलं.

"एक माझ्याकडे. पण मी त्या आठवड्यात गावाला, मालवणला होतो, संकष्टीच्या संध्याकाळीच उतरलो. दुसरी ह्याच्या देवघरात खिळ्याला असते. निलेश झाडलोटीला यायचा, नेहमी तिथूनच न्यायचा."

"आणि त्या दुपारी तुम्ही निलेशला पाहिलंत?" बाई हितेंद्रकडे वळल्या. "तोच होता?"

"कोर्टात सांगितलं ते सांगितलं," हितेंद्र म्हणाला.

दहाव्यांदा शपथ आली नाही.

तेवढ्यात चहा आला. घेऊन आलेला तरुण चांगला सहा फुटी होता. दारात येताच त्याने एक हात कपाळावर धरला, कंबरेत वाकला आणि आत आला. रोजच्या सवयीने, न बघता. "हा माझा शंतनु," हितेंद्र म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज पार खाली गेला.

बाईंनी पर्स उघडली आणि नकलेतला हितेंद्रच्या साक्षीचा परिच्छेद पुन्हा वाचला. हातातल्या चहावर साय धरली तरी त्यांनी कप तोंडाला लावला नाही.

४

"शामराव, जरा निलेशला बोलावता? काम त्याच्याशीही आहे," बाई म्हणाल्या.

शामरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण हाक मारली. निलेश आला आणि सरळ चालत आत येऊन उभा राहिला. शेवंतीही मागोमाग दारात आली. तिच्या तोंडून 'कोर्टातल्या बाई' असं निघालं, तसं बाई कोण आहेत ते सगळ्यांना कळलं. हितेंद्र उठायला लागला.

"बसा राऊळ. निलेश, आता बाहेर जा. नेहमी जातोस तसा."

तो गेला. चौकट त्याच्या डोक्याच्या वर चांगली चार बोटं राहिली.

बाईंनी कागद वाचला, शब्दन् शब्द. "'तो वाकून बाहेर आला, तरी त्याचं कपाळ चौकटीला आपटलं. कपाळ चोळत तो मागच्या जिन्याने गेला. त्याच्या हातात निळी पिशवी होती. तो निलेश तोरसकर होता.'"

बाईंनी कागद खाली घेतला आणि हितेंद्रकडे पाहिलं.

"वकिलांनी तुम्हाला उजेड किती होता ते विचारलं, अंतर किती होतं ते विचारलं. चौकट कुणी विचारली नाही, कारण ही खोली त्यांनी पाहिलीच नव्हती. मीही आजच पाहिली. राऊळ, तुम्ही खोटं बोलणारे नाही. तुम्हाला ते जमतच नाही. पिशवीचा रंग खरा सांगितलात, जिना खरा सांगितलात, आपटलेलं कपाळसुद्धा खरं सांगितलंत. फक्त नाव बदललंत."

"ओ बाई, काय बोलताय?" शामराव उसळले. "हा देवमाणूस आहे!"

"म्हणूनच तर सापडले. जो माणूस कबुतरांसाठीसुद्धा देवाची शपथ घेतो, तो कोर्टात गेल्यावर देव मानत नाही म्हणतो? मला आधी वाटलं, उंदीर यांनीच घेतला. पण बाप्पाच्या वस्तूला यांचा हात लागणार नाही. मग असं कोण आहे, ज्याच्यासाठी हे देवाशी लपाछपी खेळतील? ज्या दिवशी नारळ फिरला त्या दिवशी कोणाला ताप आला होता? किल्ली कुणाच्या घरच्या खिळ्याला असते? आणि या दारात वाकूनही कपाळ कोणाचं आपटतं?"

शंतनु भिंतीला टेकून उभा होता. त्याने हातातला ट्रे खाली ठेवला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. जाताना वाकायला विसरला नाही.

"आधी मी नाव घेतलं नव्हतं," हितेंद्र म्हणाला. "पोलिसांनी विचारलं तेव्हा खोटं बोलवेना, फक्त सांगितलं, कोणीतरी बाहेर पडताना पाहिला. शामराव बोलला, निलेशच असणार. मी नुसती मान हलवली. मान हलवली ती हलवली, मग मागे घेता येईना. त्या रात्री शंतनुने कबूल केलं. उंदीर तोपर्यंत विकला जाऊन कुठल्या कुठे गेला होता."

"आणि कोर्टात?"

"वाटलं, देवाचं नाव घेतलं नाही तर पाप लागणार नाही. प्रतिज्ञा म्हणजे काय, नुसतं बोलणं."

बाईंना राग आला. इतका, की तीस वर्षांत कुठल्या साक्षीदाराचा आला नव्हता. "कायद्याला दोन्ही सारखंच आहे, राऊळ. शिक्षाही सारखीच. फणसवाडीत एक म्हातारा आहे. तुम्ही ज्याला नुसतं बोलणं म्हणता, त्याच्यापायी त्याने स्वतःच्या लाडक्या पोराची बाजू पडू दिली. त्याला देव नाही. तुम्हाला आहे, आणि तुम्ही त्याला चपलांजवळ बाहेर थांबवून आत गेलात."

शेवंती दाराची चौकट धरून उभी होती. शिव्या देईल असं सगळ्यांना वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "भाऊ, मी तुमच्या शब्दावर माझ्या झिलाक चोर मानलंय."

हितेंद्रने हात जोडले. पण शंतनुचं नाव घेईन, असं काही तो म्हणाला नाही.

"निलेशचे वकील तुम्हाला परत साक्षीला बोलावतील," बाई पर्स बंद करत म्हणाल्या. "मेघना तुम्हाला तोच प्रश्न विचारेल. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

५

अठरा दिवसांनी तारीख लागली. निलेशची मुदत संपायला आठवडा उरला होता.

सुनेत्राबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी रघुवीर सर, काळा चष्मा लावून. पलीकडे निलेश आणि शेवंती, पण दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी. त्या दिवसापासून निलेश आईशी कामापुरतंच बोलत होता. तिने आपल्यावर संशय घेतला हे त्याला चौकटीपाशी, सगळ्यांच्या देखत कळलं होतं.

"येईल का हो तो?" सरांनी विचारलं.

"येईल. बोलेल की नाही, ते सांगता येत नाही. बाप आहे." चौकटीचं सांगून वकील शंका उभी करू शकला असता, पण हितेंद्र जुन्या साक्षीला चिकटून राहिला असता, तर तारखांवर तारखा पडल्या असत्या. पोराकडे तेवढे दिवस नव्हते.

पुकारा झाला. हितेंद्र राऊळ आला. मागे शंतनु होता, तो दाराजवळच्या बाकाच्या टोकाला टेकला. हितेंद्र पिंजऱ्यापाशी थांबला, खाली वाकला. चपला काढतो आहे असं बाईंना वाटलं. पण त्याने पट्टा नीट केला आणि चपलांसकट वर चढला. म्हणजे हे देऊळ नाही असं ठरवूनच आला, देव आजही बाहेरच, असं बाईंना वाटून गेलं.

"ईश्वरसाक्ष की प्रतिज्ञेवर?" मेघनाने विचारलं.

मेघनाला पुन्हा विचारावं लागलं. जजसाहेबांनी मान वर केली. हितेंद्रने एकदा दाराकडे बघितलं, आणि तिथे बसलेल्या शंतनुने मान खाली घातली.

"दोन्ही चालेल का?" हितेंद्रने विचारलं.

कोर्टात कोणीतरी हसलं. मेघना गडबडली. तिने नकळत मागच्या बाकाकडे, आपल्या जुन्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि एक बोट दाखवलं. एकच.

"एकच घ्यावी लागेल," मेघना म्हणाली.

"मग ईश्वरसाक्ष. मागच्या वेळी त्याला टाळलं होतं."

मेघनाने पेन उचललं आणि 'प्रतिज्ञेवर' या शब्दावर आडवी रेघ ओढली.

त्याने शपथ म्हटली. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, त्या दुपारी खोलीतून बाहेर कोण आलं?

"निलेश नव्हता," हितेंद्र म्हणाला. "तो माझा मुलगा होता. शंतनु."

कोर्टात कुजबुज उठली. जजसाहेबांनी ती थांबवली आणि निकालासाठी चारच दिवसांनंतरची तारीख दिली. रघुवीर सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. ऑपरेशनचे डोळे, पाणी येतंच, असं पुटपुटले. दारावरचा हवालदार शंतनुजवळ जाऊन उभा राहिला. शंतनु उठला आणि त्याच्याबरोबर बाहेर निघाला. कोर्टाचं दार चांगलं दहा फूट उंच. तरी जाताना त्याने हात कपाळावर धरला आणि तो वाकला.

निलेशने ते पाहिलं. शेवंतीनेही पाहिलं.

"आये," तो समोरच बघत म्हणाला, "आता पटला?"

शेवंती मधल्या मोकळ्या जागेवर सरकली, त्याचा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि कोर्ट उठेपर्यंत धरून ठेवला. त्यानेही तो काढून घेतला नाही.